घर घेण्याआधी गाव बघा : पाचाडच्या निमित्तानं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय साधा आहे. गावाकडे, डोंगराच्या कुशीत एखादं घर किंवा घरापुरती जागा घ्यायची असेल तर त्या परिसराची चौकशी कशी करायची? उदाहरण म्हणून मी पाचाड घेतलंय. रायगडाच्या पायथ्याचं गाव, महाडहून पंचवीस-एक किलोमीटर. गडावर गेलेल्या प्रत्येकानं ते पाहिलेलं आहे, निदान गाडीच्या काचेतून तरी. आणि खाली उतरताना "इथं एक छोटंसं घर असतं तर काय मजा आली असती" असं निम्म्या लोकांच्या मनात येऊन गेलेलं आहे. हसू नका, तुमच्याही आलंय.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात रायगड आहे. त्यामुळे हा विचार आता जास्त लोकांच्या मनात येणार. म्हणून म्हटलं, बोलूया.

आधी माझी चूक सांगतो. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. आयुष्य मोजणीत गेलं. त्यामुळे नातेवाइकांत कोणी जागा घेणार असला की कागद माझ्याकडे येतात. माझ्या मावसभावानं याच पट्ट्यातल्या एका वाडीत दहा गुंठे जागा पसंत केली. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. आम्ही दोघं बघायला गेलो. गवत पिवळं पडायला लागलेलं, हवा गार, समोर डोंगर. जागा अगदी टेबलासारखी सपाट केलेली. मी सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, तीस वर्षांचा शोध घेतला. सगळं स्वच्छ. म्हटलं, घे.

पुढच्या जुलैत त्याचा फोन आला. जागेच्या मधून पऱ्या वाहत होता. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, आपल्याकडचा शब्द आहे. विकणाऱ्यानं जेसीबी लावून तो बुजवला होता आणि वर माती पसरून जागा सपाट केली होती. पाण्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. नव्या कुंपणाची भिंत गेली ती गेलीच, पण ती सगळी माती खालच्या शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात जाऊन बसली. लावणी नुकतीच झाली होती. त्या माणसाचं वर्षाचं पीक गेलं. आम्ही त्याला भरपाई दिली, पण त्याच्या डोळ्याला डोळा द्यायला मला आजही जड जातं.

मी मोजणीदार. तो पऱ्या गावनकाशावर काढलेला होता. मी मालकी तपासली, जागा तपासलीच नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चुकीची परतफेड समजा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. कागद सांगतो जागा कोणाची. जागा कशी आहे ते पाऊस, उन्हाळा आणि शेजारी सांगतात. आपण मात्र जागा बघायला जातो दसरा ते होळी या दिवसांत, म्हणजे कोकणातली प्रत्येक जागा जेव्हा चांगलीच दिसते तेव्हा. तेव्हा दोन खेपा जास्त करा. एक आषाढात, एक वैशाखात.

आषाढातली खेप : डोंगर बघा

महाड-पोलादपूरकरांना हे सांगायला नको, पण व्याख्यान बाहेरचेही ऐकतायत म्हणून सांगतो. २५ आणि २६ जुलै २००५. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली. २२ जुलै २०२१. तळिये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. पुणे जिल्ह्यात माळीण, ३० जुलै २०१४. आपल्याच जिल्ह्यात खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तारखा बघा. सगळा जुलै. आणि आपण जागा बघतो नोव्हेंबरात.

दरड येते कशी, हे थोडक्यात समजून घेऊ. आपला सह्याद्री काळ्या कातळाच्या थरांचा. त्या कातळावर, उतारावर, झिजून तयार झालेली तांबडी-पिवळी माती आणि सुटे दगड बसलेले असतात. एक-दोन दिवसांत प्रचंड पाऊस झाला की ही माती पाणी पिऊन जड होते. खाली कातळ, पाणी आत मुरत नाही. माती आणि कातळ यांच्या मध्ये पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. मग वरचा अख्खा थर पातळ चिखल होऊन दगड-झाडांसकट खाली येतो. काही मिनिटांचा खेळ. पळायला वेळ मिळत नाही.

यात माणसाचा हात कुठे लागतो? दोन ठिकाणी. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. आणि वर सपाटी करून पाण्याचा मार्ग अडवला की पाणी तिथंच मुरत राहतं. घरासाठी जागा सपाट करताना आपण ही दोन्ही कामं एकाच दिवसात, एकाच जेसीबीनं करतो.

मग जागेवर उभं राहून काय बघायचं?

पहिलं, पाठ जागेकडे करून वर बघा. आपण नेहमी समोरचा देखावा बघतो. धोका पाठीमागं असतो. वर उभा उतार किती, त्यावर झाडं आहेत की नुसतं गवत, आणि उताराला नळीसारखी घळ पडलेली आहे का? अशा घळीच्या तोंडाशी घर नको, मग जागा फुकट मिळाली तरी.

दुसरं, झाडांचे बुंधे बघा. बुडाशी कोयत्यासारखे वाकून मग सरळ वर गेलेले असतील, आणि एकाच दिशेला, तर माती हळूहळू खाली सरकते आहे. कलते विजेचे खांब, कलतं कुंपण हेही तेच सांगतात.

तिसरं, शेतात किंवा वाडीत घराएवढे सुटे धोंडे पडलेत का? ते तिथं उगवलेले नाहीत. कधीतरी वरून आलेत. पुन्हा येऊ शकतात.

चौथं, वरच्या माळावर चढून जा, किंवा गुराख्याबरोबर जा. जमिनीला भेगा आहेत का? गेल्या पावसाळ्यात नवीन झरा फुटला का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, हे विचारा. गुराखी हे सगळं जाणतो. त्याला कोणी विचारत नाही, एवढंच.

घरी बसूनही एक काम होतं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. २००५ च्या आसपासची, २०२१ च्या आधीची, नंतरची, जी मिळतील ती बघा. हिरव्या डोंगरावर तांबडा ओरखडा दिसला तर तो दरडीचा असू शकतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं दरडप्रवणतेचे नकाशे आहेत. तहसील कार्यालयात दरडप्रवण गावांची यादी असते, ती मागा.

पण एक सावधगिरी. यादीत नाव असेल तर थांबा. यादीत नाव नसेल तर मात्र निर्धास्त होऊ नका. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण यादीत नव्हतं, हे तेव्हा सरकारनंच सांगितलं. यादी गावाच्या नावानं असते आणि दरड येते ती एखाद्या वाडीवर, एखाद्या घळीतून. गावठाण सुरक्षित आणि अर्ध्या किलोमीटरवरची तुमची जागा धोक्यात, असं अगदी होऊ शकतं.

आणि जे डोंगरात नाही तर महाड शहरात फ्लॅट बघतायत त्यांच्यासाठी. २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथंच उगम पावते. म्हणजे महाडमध्ये पाऊस थांबला तरी वरचं पाणी यायचंच असतं. त्यात गांधारी आणि काळ या नद्यांचं पाणी, आणि खाली खाडीला भरती असली तर ते सगळं बाहेर जायला वेळ लागतो. म्हणून फ्लॅट बघताना बिल्डरला नका विचारू. खालच्या दुकानदाराला विचारा, "२०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. ढोबळमानानं निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत कुठल्या रेषेच्या आत आहे ते लेखी घ्या. इमारतीचंही तसंच. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसं गेली. ती दहा वर्षांचीही नव्हती. नवीन दिसते म्हणून मजबूत, असं नसतं. बांधकामाचा परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि स्वतंत्र अभियंत्याचं मत, या तीन गोष्टी घ्याच.

वैशाखातली खेप : विहीर बघा

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन चालतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. कारण वर सांगितलं तेच आहे, उतार आणि कातळ. पाणी थांबतच नाही.

गावात जुनं, बारमाही पाणी कुठं आहे हे आधी शोधायचं. पाचाडच्या कोटातली तक्क्याची विहीर तुम्ही पाहिली असेल. शिवाजी महाराजांनी जिजाऊंसाठी पाचाडला वाडा बांधला. गडावरची गार, वाऱ्याची हवा त्यांना उतारवयात मानवत नव्हती असं सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि १७ जूनला जिजाऊ पाचाडलाच गेल्या. त्यांची समाधी तिथं आहे. मला त्या वाड्यात गेलं की दरवेळी वाटतं, ज्याच्याकडे अख्खा गड होता त्यानं आईसाठी जागा निवडताना तिला काय सोसेल हे बघितलं. हवा बघितली. आवारात पाण्याची सोय केली. परिसराची चौकशी म्हणजे आणखी काय असतं?

तर वैशाखात जा आणि विहिरीवर उभे राहा. सकाळी सातला. दोर किती हात सोडावा लागतो ते बघा. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, "ताई, हे पाणी कधीपर्यंत पुरतं? मग कुठून आणता?" पुरुषांना विचारलंत तर "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. पाणी त्यांना भरावं लागत नाही ना.

याची लेखी पडताळणीही होते. दर वर्षी पंचायत समितीत पाणीटंचाईचा आराखडा होतो. त्यात कुठल्या वाडीला टँकर, कुठल्या वाडीला विंधन विहीर, हे नावानिशी असतं. मागच्या तीन-चार वर्षांचे आराखडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. नळ आलाय असं कोणी सांगितलं तर नळाला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत येतं, हे विचारा. नळ आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"आम्ही बोअर मारू" असं लगेच म्हणू नका. कातळात भेग लागली तर पाणी, नाहीतर दोनशे फूट नुसती भुकटी. आणि पाणी लागलं तरी दुसरा प्रश्न आहे. तुमच्या बोअरनं खालच्या वाडीची विहीर आटली तर? पाणी कोणाचं, हा प्रश्न २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात, चवदार तळ्यावर विचारला. तेव्हा माणसाला माणूस म्हणून पाण्याला हात लावू देण्याचा लढा होता. आजचा प्रश्न त्या तोलाचा नाही, पण जातकुळी दूरची नाही. ज्याच्याकडे पैसा आणि पंप आहे त्यानं वाडीचं पाणी ओढावं का? जागा घेण्याआधी हा हिशेब मनाशी करा.

कागद, पण जागेसाठी वाचलेला

आता माझा प्रांत. मालकी तपासण्यासाठी वकील करा, मी त्यात जात नाही. फक्त दोन इशारे. एक, शेतजमीन असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. दुसरा, कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं असतात. निम्मी मुंबईत, काही वारलेली, लेकींची नावं लागायची राहिलेली. सगळ्यांची संमती नसेल तर तुम्ही जमीन नाही, भांडण विकत घेताय.

पण तेच कागद परिसराबद्दलही बोलतात, ते कसं वाचायचं ते बघा.

सातबाऱ्यावर जमीन 'वरकस' लिहिली असेल तर ती सहसा डोंगरउताराची, हलकी जमीन. आता ती सपाट दिसत असेल तर कोणीतरी ती कापून सपाट केली. कधी, कशी, परवानगी होती का, हे विचारायचं. पोटखराबा बघा. त्यात दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे कातळ, घळ वगैरे लागवडीला निकामी भाग. 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक वापराचा भाग. तुमच्या दहा गुंठ्यांत दोन गुंठे पोटखराबा असेल तर तो नेमका कुठे आणि कशाचा, हे मोजणी करून दाखवून घ्या. माझ्या मावसभावाच्या जागेत होता तो पऱ्याचाच.

'इतर अधिकार' हा रकाना वाचा. कूळ, बोजा, वन, पुनर्वसन असा शब्द दिसला की थांबा. खाजगी वनाचा शेरा असेल तर तिथं घर विसरा.

मग गावनकाशा. महाभूनकाशावर सहज दिसतो. जुनी मूळ प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. नकाशावर ओढे, वाटा, गावठाण काढलेलं असतं. नकाशा हातात घेऊन जागेवर चाला. नकाशात ओढा आहे आणि जमिनीवर नाही, तर तो बुजवलाय. नकाशात पायवाट आहे आणि जागेवर कुंपण आहे, तर ते कुंपण उद्या तुमच्या नावावर भांडण होऊन येईल. तुमच्या जागेपर्यंतचा रस्ता नकाशात आहे की फक्त विकणाऱ्याच्या तोंडात, हे तर पहिल्यांदा बघा.

पाचाडसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी. रायगड हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीशिवाय बांधता येत नाही. ही हद्द कुठून मोजतात ते पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. पाचाडात वाडा आणि समाधीही आहे, त्यांच्या आसपासची जागा असेल तर तीच चौकशी तिथंही. दुसरं, पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे केंद्र सरकारनं वेळोवेळी काढलेत, जुलै २०२४ मध्येही निघाला. त्यात गावांची यादी आहे. आपलं गाव त्यात आहे का ते बघा. नियम बदलत असतात, म्हणून एजंटनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कागद नको. तारीख आणि सही असलेलं कार्यालयाचं पत्र हवं.

रस्ता, दवाखाना आणि गर्दी

आता तिथं राहायचं म्हणजे काय, ते बघू. एक दिवस पावसात, रात्री नऊ वाजता, त्या जागेपासून महाडच्या दवाखान्यापर्यंत गाडी चालवा. घड्याळ लावा. तो आकडा वहीत लिहा. "महाड पंचवीस किलोमीटर" हा आकडा उपयोगाचा नाही.

हे मी उगाच सांगत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्हाला माहीत आहे. २०२२ ला पद्मश्री मिळाली. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशानं मरणारी माणसं पाहिली, त्यावर अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे आणला. त्यामुळे विंचवानं मरणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. पण औषध लागू पडतं ते माणूस वेळेत पोचला तर. सापाचंही तसंच. निवृत्त होऊन, साठीनंतर डोंगरात राहायला येणाऱ्यांनी तर हा आकडा आधी काढावा आणि मग देखावा बघावा.

गर्दीही बघा. मंगळवारी दुपारी पाचाड शांत असतं. तेच ६ जूनला बघा, किंवा तिथीनं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. राज्याभिषेक सोहळ्याला लाखो माणसं येतात. गाड्या लांबच अडवतात, पुढे चालत. शिवभक्तांचा तो दिवस आहे, तक्रार करायचं कारण नाही. पण त्या दोन दिवसांत तुमच्या घरी आजारी माणूस असेल तर काय कराल, हे आधी ठरवा. पावसाळ्यातले शनिवार-रविवारही वेगळेच. ७ जुलै २०२४ ला रायगडच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी आलं, पर्यटक अडकले, गड बंद करावा लागला. शांतता हवी म्हणून जागा घेणाऱ्यानं अशा दिवशी गावात एक चहा प्यावा.

वीज पावसाळ्यात किती वेळ जाते, मोबाइलला रेंज जागेवर आहे की फक्त नाक्यावर, एसटीची शेवटची गाडी किती वाजता, शाळा कितवीपर्यंत. ही यादी तुम्हीच करा.

शेजार

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. आपण चौकशी करतो ती "हा परिसर मला कसा आहे" याची. उलटा प्रश्न कोणी विचारत नाही. मी या परिसराला कसा असेन?

डोंगरातली वाडी ही उतरंडीसारखी असते. वरच्यानं माती हलवली की खालच्याच्या घरात येते. वरच्यानं सांडपाणी सोडलं की खालच्याच्या विहिरीत जातं. तुम्ही उतार कापलात आणि तुमचं घर आरसीसीचं म्हणून टिकलं, तरी खालचं कौलारू घर टिकेलच असं नाही. त्यामुळे जागा पसंत पडली की खालच्या चार घरांत जा. "आम्ही इथं घर बांधायचं म्हणतोय, पावसाचं पाणी कुठून जातं?" एवढंच विचारा. ते नुसती माहिती देणार नाहीत, तुम्हाला जोखतीलही. जोखू दे. गावकी म्हणजे काय, वर्गणी काय असते, शिमग्याला पालखी कुठून जाते, देवाची वाट कुठली, स्मशानाकडे कुठून नेतात, हे आधी समजून घ्या. पालखीच्या वाटेवर फाटक लावून बसलात तर कोर्टात जिंकाल, पण अडचणीला कोणी यायचं नाही.

आणि दरडीच्या रात्री पहिली मदत शेजाऱ्याचीच असते. बाहेरून मदत येईपर्यंत रस्ते बंद असतात. तळियेला तेच झालं. पुराच्या पाण्यानं आणि रस्त्यात पडलेल्या दरडींनी बचाव पथकांना पोचायला वेळ लागला. तेव्हा ज्यांना तुमचं नाव माहीत आहे अशी माणसं आसपास असणं, ही जागेची सगळ्यात मोठी किंमत. ती सातबाऱ्यावर नसते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : दोन खेपा करेपर्यंत जागा दुसराच घेऊन जाईल. मग?*

जाऊ दे. खरंच सांगतो. "आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल" असं म्हणणारा माणूस तुम्हाला जुलै बघू देत नाहीये, असं समजा. अगदीच घाई असेल तर गावातल्या ओळखीच्या माणसाकडून पावसाळ्यातले व्हिडिओ मागवा, आणि करारात मोजणी व पाण्याचा मार्ग दाखवून देण्याची अट घाला. पण डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

*प्रश्न : आमचं वडिलोपार्जित घरच उताराखाली आहे. आम्ही काय करायचं?*

ताई, हा प्रश्न आजच्या विषयापेक्षा मोठा आहे. घेणाऱ्याला 'नको' म्हणता येतं, राहणाऱ्याला येत नाही. तरी तीन गोष्टी करा. घरामागचा उतार कापू नका, कोणाला कापू देऊ नका. वरचं पाणी बाजूनं काढून देणारा चर दर मे महिन्यात साफ करा. आणि अतिवृष्टीचा लाल इशारा आला, भेग दिसली किंवा झरा गढूळ झाला, तर रात्र होण्याआधी शाळेत किंवा नातेवाइकांकडे जा. दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल. ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन तहसीलदारांमार्फत भूवैज्ञानिक पाहणी मागा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

*प्रश्न : मग पाचाडला जागा घ्यावी की नाही, तुमचं मत सांगा.*

(हसून) मला एजंट करू नका. पाचाडला चांगल्या जागा आहेत, लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. जुनी घरं कुठं आहेत आणि कुठं नाहीत, हे बघा. शंभर वर्षं ज्या टेपावर लोकांनी घर बांधलं नाही, गवतच राखलं, तिथं तुम्हाला स्वस्तात जागा मिळत असेल, तर आधी विचारा, "इथं कोणी घर का नाही बांधलं?" कदाचित कारण साधं असेल, पाणी लांब होतं, वाट नव्हती. कदाचित नसेल. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

मावसभावानं नंतर काय केलं, तेही कोणीतरी मघाशी विचारलं. त्यानं पऱ्या मोकळा केला. जागेतले तीन गुंठे त्यात गेले. उरलेल्या सातांत, वरच्या बाजूला, लहान घर बांधलं. खालचे शेतकरी आता त्याच्याकडे चहाला येतात. पण ते तीन गुंठे नकाशावर पहिल्यापासून पाण्याचेच होते. आम्ही फक्त जुलैपर्यंत थांबायला हवं होतं.